आलेवाडीचा खडक आणि पाचवा ‘का’

बोईसर,
रविवार, ४ डिसेंबर १९८८

तीर्थस्वरूप मंजुताईस,

धाकट्या एकनाथाचा जागेवरूनच पण मनापासून नमस्कार. (जागेवरून अशासाठी, की गेल्या आठवड्यात कमरेत उसण भरली आहे, आणि एकदा वाकलो की उठवायला माणूस लागतं.) दाजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, सातपाटीच्या शाळेतली पोरं बसूनही शिकतात, मास्तरांनी उभंच राहायला हवं असं सरकारचं काही म्हणणं नाही. तुझ्या अळवाला यंदा कीड लागली होती ती गेली का? मागच्या पत्रात तू राखेचा उपाय लिहिला होतास, तो मी इथे कढीपत्त्यावर केला. कढीपत्ता गेला, पण त्यात राखेचा दोष आहे असं मी म्हणत नाही. हल्ली दोष कोणाला द्यावा याबद्दल मी फार सावध झालो आहे. का झालो, तेच सांगायला हे पत्र लिहायला घेतलं आहे, तेव्हा भात चुलीवर असेल तर आधी उतरवून ये.

आमची खानावळ तू पाहिली आहेस, पण तू आलीस तेव्हा ती नवी होती आणि आम्ही सगळेच एकमेकांशी फार गोड बोलत होतो, म्हणून पुन्हा सांगतो. ‘पुष्पलता भोजनालय’. नाव बायकोचं, कर्ज माझं. बसून जेवणारे रोजचे तीस-पस्तीस, आणि वसाहतीतल्या एका कारखान्याचे दुपारचे बेचाळीस डबे. बसून जेवणाऱ्यांचा भरवसा नाही. त्यांची बदली होते, लग्न होतं, आई गावाहून येते. पण हे बेचाळीस डबे म्हणजे आमचा संसार. भात-चपाती पुष्पलताकडे, कालवण आलेवाडीच्या सोजराबाईकडे, डबे सायकलवरून पोचवायचं काम दामूकडे (वय बावन्न, दोनदा आजोबा झाला आहे, तरी चढावाला उतरत नाही). मी मालक, म्हणजे या तिघांतून जे उरेल ते माझं. उरतं ते दोनच, सकाळी आलेवाडीच्या किनाऱ्यावरून मासे आणणं आणि दुपारी बोलणी खाणं.

तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्याचे कारखानीस साहेब आले. (आडनाव खरंच कारखानीस आहे, मी ठेवलेलं नाही.) त्यांच्याकडे तिथल्या जेवणाची समिती आहे. माणूस सज्जन, ताक दोन वाट्या प्याले, आणि मग म्हणाले की डब्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या आहेत की डिसेंबरात समिती स्वतः येऊन जेवेल, आणि घडी बसलेली दिसली नाही तर डबे मुंबईच्या एका ठेकेदाराला जातील. माझ्या हातातलं ताकाचं भांडं तिथेच राहिलं. पण साहेब पुण्याला कसलंसं शिक्षण घेऊन नुकतेच आले होते, आणि माझा चेहरा पाहून त्यांनी मला ते सगळं फुकट शिकवलं. एकनाथराव, म्हणाले, सगळीकडे एकदम धावू नका. महिनाभर प्रत्येक तक्रार चिठ्ठीवर लिहा, जातवारी लावा, मोजा. ढीग दहा पडतील, पण खरा त्रास एकदोन ढिगांतच असतो. सर्वांत मोठा ढीग धरा, त्याला ‘का?’ विचारा. उत्तर आलं की त्यालाही ‘का?’ विचारा. असं पाच वेळा. पाचव्याला मूळ हाती लागतं.

ताई, तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. सफाळ्याला लहानपणी मला बाबा भाताच्या खाचराला पाणी लावायला पाठवायचे आणि मी बांधावर बसून पाणी कुठून येतं, कुठे जातं हे बघत राहायचो, तोवर ते शेजाऱ्याच्या खाचरात गेलेलं असायचं. त्या दिवशी तसंच झालं. साहेब गेले तरी मी टेबलापाशीच होतो. डोळ्यांपुढे सगळं दिसत होतं. सगळ्या तक्रारी आपापल्या ढिगात शहाण्यासारख्या बसल्या आहेत, मी नुसता ‘का’ म्हणतो आहे आणि एकेक ढीग विरघळतो आहे. किती वेळ गेला कळलं नाही. पुष्पलताने येऊन माझ्यासमोरचं टेबल पुसलं, माझे हात उचलून हातांखालचंही पुसलं, आणि हात पुन्हा होते तिथे ठेवले.

चिठ्ठ्यांना डबे हवेत म्हणून मी फळीवरचे पाच पत्र्याचे डबे घेतले. त्यांत सोजराबाईचे मसाले होते, ते मी कागदाच्या पुड्यांत बांधून एका टोपलीत ठेवले. डब्यांवर चिकटवलं: उशीर, मीठ-तिखट, अदलाबदल, काटे, इतर. दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि काम सुरू केलं. लोकांना इतकं आवडलं म्हणून सांगू. ज्यांनी वर्षभर गुपचूप जेवून वाटी धुतली ते लोक लिहायला लागले. उत्तरेकडचे कामगार हिंदीत लिहायचे. एकाने डाळीत पाणी आहे की पाण्यात डाळ, एवढंच विचारलं होतं. एका शाकाहारी गृहस्थांच्या डब्यात दामूच्या हातून चुकून बोंबलाचं कालवण गेलं. मी घाबरून दुसऱ्या दिवशी माफी मागायला निघालो, तर त्यांचीच चिठ्ठी आली, ‘कालची चूक पुढच्या बुधवारी पुन्हा व्हावी’. ही ‘अदलाबदल’मध्ये टाकावी की ‘इतर’मध्ये, यावर मी एक अख्खी दुपार विचार केला. (‘मीठ-तिखट’चा डबाही भराभर भरत होता. मसाल्यांच्या पुड्या सारख्याच दिसत असल्यामुळे धणे कुठले आणि हळद कुठली हे सोजराबाईला हुंगून ओळखावं लागत होतं, हे मला फार पुढे कळलं.)

महिना भरला. एकशे बारा चिठ्ठ्या, त्यांत ‘उशीर’च्या एकसष्ट. ढीग बघूनच साहेबांबद्दलचा आदर दुणावला. मग मी वही घेऊन बसलो. डबे उशिरा का? दामू उशिरा निघतो. दामू उशिरा का निघतो? कालवण तयार नसतं. कालवण का तयार नसतं? सोजराबाई ते उशिरा चढवते. इथे मी थांबलो. साहेबांनी पाच ‘का’ सांगितले होते हे मला आठवत होतं. पण ताई, तिसऱ्याला उत्तर असं ठाशीव आलं होतं, आणि जेवणही झालं होतं, आणि वाटलं की हुशार माणसाला दोन ‘का’ सूट मिळत असतील. मी मोठ्या कागदावर तक्ता काढला, सर्वांत उंच खांबाखाली सुवाच्य अक्षरात ‘सोजराबाई’ लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांपुढे, दोन गिऱ्हाइकं जेवत असताना, तो वाचून दाखवला.

तिने ऐकून घेतलं. हात धुतले, पदराला पुसले. मग म्हणाली, “एकनाथशेट, मासा आला का मी शिजवते. नाय आला त तुमचा हा कागद शिजवू काय?” आवाज चढवला नाही. आपली विळी फडक्यात गुंडाळली (विळी तिची स्वतःची, सासूने दिलेली), आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच दुपारच्या एसटीने गेली. मी तिला थांबवलं नाही. मूळ सापडलं की ते उपटायचं असतं, अशा समजुतीत मी होतो.

पुढचे पंधरा दिवस कालवण पुष्पलताने केलं. तिने सहाला मसाला वाटून तयार ठेवला तरी डबे उशिराच. आधी अर्धा तास उशीर व्हायचा, आता सव्वा तास. बसून जेवणारे सहाजण समोरच्या हॉटेलात गेले, त्यांतले दोघे तर माझ्याकडे बघत बघत जेवतात. मग पुष्पलताने एक केलं. तिने वहीबिही घेतली नाही, नुसत्या ‘उशीर’च्या एकसष्ट चिठ्ठ्या तारखेप्रमाणे भिंतीवरच्या कालनिर्णयाला टाचल्या. पुनवेच्या आसपास चिठ्ठ्यांचा गठ्ठा, अवसेच्या आसपास गठ्ठा, मधे अष्टमीला विरळ. दामूने लांबून पाहिलं आणि म्हणाला, “भरतीचा हाय ह्यो. आलेवाडीत कोनालाव विचारा.” तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते म्हणे. अष्टमीला सहा वाजता, पुनवेला जवळजवळ बारा. होड्या आत येतात त्या भरतीच्या पाण्यावर. बाराला होडी लागली तर साडेबाराच्या डब्यात ताजा मासा येणार कुठून? आणि बाहेरच्या पाटीवर तर मीच रंगवून घेतलं आहे, ‘सोमवार-गुरुवार सोडून रोज ताजा मासा’. सोजराबाई तेव्हाच म्हणाली होती की पुनवेच्या अंगाला सुके बोंबील नाहीतर वाल करू या. मी म्हणालो होतो, पाटी रंगवून झाली आहे.

मला तर हर्षच झाला. मी तसाच कारखान्यात गेलो आणि साहेबांना सांगितलं, मूळ कारण सापडलं, चंद्र. साहेबांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, एकनाथराव, आपल्या हातातलं काही असेल तर बघा. आणि हेही म्हणाले, की अष्टमीला होडी सहाला लागते ना, मग तुमच्या अष्टमीच्या सात चिठ्ठ्या आहेत त्या कोणाच्या?

आता, ताई, त्या सात चिठ्ठ्यांचं. आलेवाडीला किनाऱ्याच्या टोकाला एक काळा, बसका खडक आहे. अष्टमीच्या सुमाराला मी सहाला पोचतो. होड्या लागलेल्या असतात, बायका वाटे करत असतात, माझे मासे दहा मिनिटांत टोपलीत पडतात. मग मी त्या खडकावर जरा टेकतो. पाणी उतरायला लागलेलं असतं. ते खडकाच्या पोटातून आत जातं, बाहेर येतं, आणि दर वेळी थोडं कमी येतं. समोर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा, मागे दूर वसाहतीची धुरांडी, आणि त्या दोहोंच्या मधे मी कोणाचा कोणी नसतो. काय आहे आज, असं कोणी विचारत नाही. मी काही विचार करतो असंही नाही. एकदा एक कुर्ली एका भोकातून निघून दुसऱ्या भोकात गेली, तिला लागलेला वेळ मी पाहिला, आणि घड्याळात पाऊण तास झाला होता. मला तिथे फार बरं वाटतं, ताई. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नाही. टोपलीतला मासा मात्र माझ्याबरोबर बसून असतो, एखाद्या दिवशी तर अकरा वाजेपर्यंत. म्हणजे चौथा ‘का’: सोजराबाई कालवण उशिरा का चढवते? मासा एकनाथ उशिरा आणतो. आणि पाचवा: एकनाथ का आणतो? तर दोन वर्षांपूर्वीपर्यंत मासे सोजराबाईच आणायची. येताना एसटीत टोपली घेऊन यायची, आणि होडी उशिरा लागणार असेल त्या दिवशी सुके घेऊन यायची. तेव्हा एक डबा उशिरा गेला नाही. मी म्हणालो, बाई, तुमच्या डोक्यावरचं ओझं कमी करतो, मी सायकलने जातो. ती मोठी सुधारणा होती. पुष्पलताने तेव्हा सगळीकडे माझं कौतुक केलं. पण तिच्या डोक्यावरचं ओझं मला खरंच दिसलं होतं की मला नुसता समुद्र हवा होता, हे आज तक्ता काढूनही मला सांगता येणार नाही.

समितीने येत्या शुक्रवारचा दिवस धरला आहे, ९ तारीख. मी पंचांग पाहिलं. अवस. होडी बाराला लागणार, आणि समिती साडेबाराला पाटावर. त्या दिवशी इथे ताजा मासा मिळणं नाही. इथे एकच गोष्ट मिळू शकते, सोजराबाईच्या हातचं सुक्या बोंबलांचं कालवण, जे खाऊन ते शाकाहारी गृहस्थ चुकीची वाट बघत बसले. ती नसेल तर सोमवारपासून बेचाळीस डबे मुंबईचे, आणि मग पुष्पलताने तिच्या नावाची पाटी कुठे लावायची ते तीच ठरवेल.

बाकी सर्व ठीक. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. हवा छान आहे. तुझाच,

एकनाथ

ता. क. तू विचारशील, मग हे सगळं मला का सांगतोस. सोजराबाई सातपाटीला तिच्या लेकीकडे, हिराकडे आहे, म्हणजे तुझ्यापासून तिसरं घर. तुझ्या ओट्यावर पोस्टमन आला की अर्धी आळी गोळा होते आणि तू सगळ्यांची पत्रं वाचून दाखवतेस, तेव्हा ती येईलच. तिला हे पत्र वाचून दाखव आणि माझ्या वतीने माफी माग. मी स्वतः येणार होतो, सायकल काढलीही होती, पण तिच्या दारात उभं राहून पहिलं वाक्य कुठलं म्हणायचं ते सुचेना. फक्त एक कर. ‘त्या सात चिठ्ठ्यांचं’ इथपासून पुढच्या परिच्छेदाच्या सुरुवातीपर्यंत मी तांबड्या पेन्सिलीने रेघ मारली आहे, तेवढं गाळ. चंद्रावर थांबलीस तरी पुरे.

ता. क. दुसरा. वरचं सगळं पुष्पलताने आत्ता वाचलं. वाचून हसली नाही, म्हणून मी घाबरलो. मग तिने सांगितलं की खडकाची गोष्ट सोजराबाईला दोन वर्षं ठाऊक आहे. तिच्या दिराची होडी तिथेच लागते, आणि आलेवाडीच्या बायका ‘एकनाथशेट बसला’ म्हणजे सव्वासहा वाजले असं धरून चालतात. पुष्पलताने एकदा तिला म्हटलं होतं, की मी बोलते त्यांना. तर ती म्हणाली, “बसू द्या वयनी. दिसभर लोकांचा ऐकतात, घडीभर दर्याचा ऐकू द्या.” आणि मी येईपर्यंत सगळं चिरून, वाटून, चूल पेटवून बसायची, मी आलो की वीस मिनिटांत कालवण उतरवायची. म्हणजे एकसष्ट चिठ्ठ्या तिच्यामुळे नव्हत्या, तिच्यामुळे फक्त एकसष्ट होत्या. मी दोन परक्या माणसांसमोर तिचं नाव वाचत होतो तेव्हा तिने नुसतं ‘खडक’ म्हटलं असतं तरी मी खाली बसलो असतो. तिने म्हटलं नाही. ताई, मला फार लाज वाटते आहे. तांबड्या रेघेतलं सगळं वाच, सगळ्या आळीसमोर वाच, आणि ते वाचताना घाई करू नकोस.

ता. क. तिसरा, मंगळवार. हे पत्र आज सकाळच्या टपालात पडायला हवं होतं. मासे आणायला जाताना खिशात घेतलं होतं, आणि वाटेत खडक लागला. पत्र तिथे एकदा पुन्हा वाचावं म्हणून बसलो. ‘उशीर’च्या डब्यात बासष्टावी चिठ्ठी टाकली, खाली नाव एकनाथ. मग पाचही डबे रिकामे केले, धुतले, उन्हात वाळवले आणि सोजराबाईच्या फळीवर होते तसे ठेवले. पुड्यांतले मसाले मात्र मी परत भरलेले नाहीत, मला धणे आणि हळद अजून नीट ओळखता येत नाही. पत्र तुला बुधवारी मिळेल. गुरुवारची सकाळची एसटी साडेसहाची आहे. तिला म्हणावं, बाई, विळी घेऊन या. आणि येताना टोपली तुम्हीच घेऊन या.